गोएल : सोडवणारा आप्त

आपल्या प्रार्थनांत, भक्तिगीतांत आणि मिस्साविधीत आपण परमेश्वराला अनेक नावांनी हाक मारतो. तारणारा, उद्धारक, मुक्तिदाता ही त्यांपैकी नित्याच्या ओठांवरची नावे. ती इतकी परिचयाची झाली आहेत की, त्यांचा मूळ अर्थ काय, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. जुन्या कराराच्या हिब्रू पाठाकडे वळले की, ह्या नावांच्या मागे अनेक ठिकाणी एकच लहानसा शब्द उभा असलेला दिसतो. तो शब्द म्हणजे ‘गोएल’.

गोएल हा शब्द मुळात देवळातला नाही. तो शेताच्या बांधावरचा, कर्जाच्या व्यवहारातला आणि गावच्या वेशीत भरणाऱ्या पंचायतीतला आहे. संकटात सापडलेल्या माणसाला सोडवणे ज्याचे कर्तव्य आहे असा रक्ताच्या नात्यातील माणूस, हा त्याचा अर्थ. ह्या अर्थातील ‘सोडवणे’ आपल्या लक्षात राहिले. ‘नाते’ मात्र भाषांतरांच्या प्रवासात पुष्कळसे मागे पडले. ते नाते पुन्हा दिसू लागले, तर परमेश्वराला तारणारा म्हणताना आपण नेमके काय कबूल करतो, हे अधिक स्पष्ट होईल, असे आम्हांला वाटते. म्हणूनच ह्या शब्दाचा थोडा मागोवा येथे घेत आहोत.

शब्दाची घडण

हिब्रू भाषेतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होतात. गिमेल, आलेफ आणि लामेद ह्या तीन अक्षरांचा ‘गाअल’ हा धातू आहे. आपल्या हक्काचे, परंतु हातचे गेलेले असे काही परत मिळवणे, सोडवून आणणे, असा त्याचा अर्थ होतो. ‘गोएल’ हे त्याचे कर्तृवाचक रूप : सोडवणारा. ‘गेउल्लाह’ हे त्याचेच नाम असून त्याचा अर्थ सोडवणूक, तसेच सोडवण्याचा हक्क, असा दुहेरी आहे.

जवळच्या अर्थाचे आणखी दोन धातू जुन्या करारात आढळतात. ‘पादाह’ म्हणजे मोबदला देऊन सोडवणे. पहिल्या जन्मलेल्या मुलाला सोडवून घेण्याविषयीच्या नियमात (निर्गम १३:१३) हा शब्द येतो. येथे सोडवणाऱ्याचे नाते कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा नसतो. व्यवहार पूर्ण झाला म्हणजे झाले. दुसरा धातू ‘याशा’, म्हणजे संकटातून वाचवणे. येशू हे पवित्र नाव ह्याच धातूशी जोडलेले आहे. वाचवणारा कोणीही असू शकतो. वाटेवरचा अनोळखी प्रवासीही बुडणाऱ्याला वाचवतो. गोएल मात्र कोणीही असू शकत नाही. तो नात्यातलाच असावा लागतो, आणि नात्यातला आहे म्हणूनच त्याला हात झटकून मोकळे होता येत नाही.

जमिनीचा गोएल

गोएलची कर्तव्ये नियमांच्या भाषेत मांडलेली आहेत ती प्रामुख्याने लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात. त्या नियमांचा पाया एका वाक्यात सांगितला आहे : जमीन परमेश्वराची आहे, आणि इस्राएल लोक त्याच्यापाशी राहणारे उपरे व कुळे आहेत (२५:२३). म्हणून कोणतेही शेत कायमचे विकता येत नाही. एखादा भाऊबंद दरिद्री झाला आणि त्याने आपल्या वतनाचा काही भाग विकला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या गोएलने पुढे येऊन ते सोडवावे (२५:२५). कोणी गोएल नसेल आणि पुढे त्या माणसाचीच परिस्थिती सुधारली, तर विक्रीपासूनच्या वर्षांचा हिशेब करून त्याने ते स्वतः सोडवावे. तेही जमले नाही, तर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, ते शेत मूळ घराण्याकडे परत जावे.

हे नियम वाचताना त्यांतील बारकावे पाहण्याजोगे आहेत. तटबंदीच्या नगरातील घर विकले, तर ते सोडवण्याची मुदत फक्त एक वर्षाची आहे. ती टळली की घर कायमचे घेणाऱ्याचे होते (२५:२९-३०). शेताला मात्र अशी मुदत नाही. घर गेले तरी माणूस दुसरे घर शोधू शकतो. शेत गेले की पोट जाते, आणि पोट गेले की पुढच्या पिढ्या दुसऱ्याच्या दारी राबतात. गोएलने सोडवलेले शेत लगेच गरीब भावाच्या हाती जाई, की योबेल वर्षापर्यंत गोएलकडे राही, ह्याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. घराण्याची जमीन घराण्याबाहेर जाऊ नये आणि कोणाही घरावर भूमिहीन होण्याची पाळी येऊ नये, हा हेतू मात्र उघड आहे.

ह्या नियमाचे एक हृदयस्पर्शी उदाहरण यिर्मयाच्या ग्रंथात (अध्याय ३२) आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमाराची ही घटना. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया संदेष्टा राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात बंदिवान होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला आणि अनाथोथ येथील आपले शेत विकत घेण्याची त्याने विनंती केली, कारण गेउल्लाहचा, म्हणजे सोडवण्याचा, हक्क यिर्मयाचा होता. शत्रू दारात असताना शेत घेणे हा व्यवहारी दृष्टीने शुद्ध वेडेपणा. तरीही यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत करून त्यावर शिक्का मारला आणि मोहरबंद व उघड अशा दोन्ही प्रती बारूखकरवी मातीच्या मडक्यात ठेवविल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. ह्या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे परमेश्वराचे वचन त्या खरेदीमागे होते. गोएलचे कर्तव्य येथे आशेची साक्ष बनते.

माणसाचा गोएल

शेतानंतर माणसाची पाळी येते. एखादा इस्राएली इतका खालावला की त्याने देशातील एखाद्या सधन परदेशीयाला स्वतःलाच विकले, तर त्यालाही सोडवण्याचा हक्क राहतो. त्याचा भाऊ, चुलता, चुलतभाऊ किंवा कुळातील अन्य कोणी जवळचा आप्त त्याला सोडवू शकतो (लेवीय २५:४७-४९). वारसाहक्काला क्रम असतो हे आपण जाणतो. येथे जबाबदारीलाही तसाच क्रम लावून दिलेला आहे. ज्याला वाटा मिळण्याची शक्यता अधिक, त्याच्यावर भारही आधी.

गणना ग्रंथात (५:५-८) एक छोटा नियम आहे. एखाद्याचे नुकसान केले असेल, तर ते एक पंचमांश अधिक घालून भरून द्यायचे; आणि तो माणूस हयात नसेल, तर ती भरपाई त्याच्या गोएलला द्यायची. माणूस मेला म्हणून त्याच्यावरचा अन्याय संपत नाही. त्याच्या वतीने हात पुढे करणारा कोणीतरी असतो, आणि तोही गोएलच.

रक्ताचा गोएल

ह्या शब्दाची एक कठोर बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याचा खून झाला, त्याच्या जवळच्या आप्ताला ‘गोएल हद्दाम’, म्हणजे ‘रक्ताचा गोएल’, म्हणत. खुन्याला ठार मारणे हे त्याचे काम मानले जाई (गणना ३५:१९). आपल्या घराण्याचे सांडलेले रक्त हेही जणू हातचे गेलेले धन. ते परत मागायचे, अशी ही प्राचीन समजूत होती. राजसत्ता दुबळी आणि न्यायालये विरळ असलेल्या समाजात, आपल्या माणसाच्या जिवाला किंमत आहे, हे सांगण्याचा तो मार्ग होता.

नियमशास्त्राने ह्या प्रथेला लगाम घातला. चुकून कोणाचा जीव गेला, तर आश्रय घेण्यासाठी सहा नगरे नेमली. मंडळीपुढे चौकशी झाल्याशिवाय आरोपीला मारू नये, असे ठरवले. त्याचबरोबर, खुन्याच्या जिवाबद्दल पैसे घेऊन प्रकरण मिटवण्यासही मनाई केली (३५:३१), म्हणजे श्रीमंताला खून पचवता येऊ नये. सूडापासून न्यायाकडे जाण्याच्या लांब वाटेवरचा हा एक टप्पा आहे. त्या वाटेचा शेवट प्रभू येशूच्या क्षमेत आहे, हे आपण जाणतो. परंतु मृताच्या बाजूने उभे राहणारे कोणी असावे, ही मूळ जाणीव त्याज्य ठरत नाही.

रूथची कथा

नियमांच्या ग्रंथातून बाहेर पडून गोएल हाडामांसाच्या माणसांत वावरताना दिसतो तो रूथच्या पुस्तकात. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेल्या नामीचा पती आणि दोन्ही मुलगे तेथेच मरण पावतात. ती रिक्त हाताने परतते. सोबत असते ती केवळ तिची मवाबी सून रूथ. हंगाम जवाच्या कापणीचा. रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते आणि योगायोगाने बवाजच्या शेतात पोहोचते. हा बवाज आपल्या गोएलांपैकी एक आहे, हे कळताच नामीच्या बोलण्यात प्रथमच आशा डोकावते (रूथ २:२०).

पुढे खळ्यावर रात्रीच्या वेळी रूथ बवाजला त्याच्या ह्या नात्याची आठवण करून देते. ती भीक मागत नाही. तू गोएल आहेस, एवढेच ती सांगते (३:९). बवाजही उपकाराची भाषा करीत नाही. आपल्याहून जवळचा आणखी एक गोएल आहे. त्याला आधी विचारले पाहिजे, असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशी गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर तो जवळचा गोएल बसतो. नामीच्या शेताची गोष्ट निघताच तो ते घेण्यास तयार होतो. शेताबरोबर रूथचाही स्वीकार करावा लागेल आणि मृताचे नाव चालवावे लागेल, हे ऐकताच मात्र तो माघार घेतो. त्यात आपल्याच वतनाचे नुकसान होईल, असे तो म्हणतो. पायातील जोडा काढून तो आपला हक्क सोडून देतो.

ह्या माणसाचे नाव ग्रंथकाराने सांगितलेले नाही. बवाज त्याला हाक मारतो तेथे हिब्रूत ‘पेलोनी अल्मोनी’ असे शब्द आहेत (४:१). मराठीत त्यांना अगदी चपखल जोड आहे : अमका-तमका. आपले नाव आणि आपले वतन राखण्यासाठी ज्याने आप्ताचे ओझे नाकारले, तो पवित्र शास्त्रात अमका-तमका म्हणून उरला. ज्याने ते ओझे घेतले, त्या बवाजचे नाव मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभू येशूच्या वंशावळीत आहे, आणि परकी म्हणून आलेल्या रूथचेही (मत्तय १:५).

कथेच्या शेवटी आणखी एक लक्षणीय गोष्ट घडते. रूथला मुलगा होतो, तेव्हा बेथलेहेमच्या स्त्रिया नामीचे अभिनंदन करतात आणि परमेश्वराने तुला गोएलवाचून ठेवले नाही, अशा आशयाचे उद्गार काढतात (४:१४-१५). पुढच्या शब्दांवरून दिसते की, त्यांचा रोख त्या तान्ह्या बाळाकडे आहे. हा ओबेद म्हणजे दावीद राजाचा आजा. बेथलेहेममध्ये जन्मलेले एक बालक ‘गोएल’ म्हणवले गेले, हे वाचताना ख्रिस्ती वाचकाचे मन सहजच पुढच्या एका जन्माकडे वळते.

परमेश्वर : इस्राएलचा गोएल

समाजात ज्याला कोणी गोएल नाही, त्याचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर नीतिसूत्रांच्या ग्रंथात (२३:१०-११) मिळते. जुनी सीमा सरकवू नको, पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा गोएल बलवान आहे, अशी तेथे ताकीद आहे. आपल्याकडे ज्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात, त्याच पापाविषयीचे हे बोल आहेत. पोरक्याच्या बाजूने बोलणारा चुलता नसेल, पंचायतीत त्याचा कोणी नसेल, तरी त्याचा एक आप्त आहे, आणि तो स्वतः परमेश्वर आहे.

निर्गमाच्या कथेत परमेश्वर हाच शब्द स्वतःविषयी वापरतो. मिसरच्या दास्यातून तो आपल्या लोकांना ‘गाअल’ करील, असे मोशेला सांगितले जाते (निर्गम ६:६). त्याआधी इस्राएल हा आपला ज्येष्ठ पुत्र असल्याचे त्याने फारोला कळवलेले असते (४:२२). प्रथम नाते, मग सोडवणूक, असा हा क्रम आहे. मिसरातील गुलामांनी आधी काही पुण्य जोडले आणि मग त्यांची सुटका झाली, असे घडलेले नाही.

हा शब्द सर्वाधिक तेजाने झळकतो तो यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात. अध्याय ४० ते ६६ मध्ये परमेश्वराला गोएल ही उपाधी १३ वेळा लावलेली आहे. बाबेलमधील बंदिवासात जमीन गेली होती, मंदिर गेले होते, राजाही गेला होता. लेवीय ग्रंथात वर्णिलेली दुर्दशा साऱ्या राष्ट्राला भोगावी लागत होती. अशा लोकांना संदेष्टा सांगतो की, तुमचा गोएल हा इस्राएलचा पवित्र परमेश्वर आहे. ‘पवित्र’ म्हणजे सर्वस्वी वेगळा, अगम्य. ‘गोएल’ म्हणजे सर्वांत जवळचा आप्त. ही दोन नावे तो पुनःपुन्हा शेजारी शेजारी ठेवतो (४१:१४, ४३:१४, ४७:४, ४८:१७, ४९:७, ५४:५).

ह्याच ग्रंथात आणखी एक महत्त्वाचा विचार आहे. तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशावाचूनच तुमची सोडवणूक होईल, असे परमेश्वर सांगतो (५२:३). तारणाची किंमत कोणाला चुकवली, ह्या प्रश्नाने पुढे ख्रिस्ती विचारवंतांना फार छळले. ती सैतानाला दिली, असे आरंभीच्या काळात काहींनी सुचवले. चौथ्या शतकात नाझियान्झचे संत ग्रेगरी ह्यांनी ती कल्पना ठामपणे नाकारली. गोएल शब्दाच्या प्रकाशात पाहिले, तर प्रश्नाचा रोखच बदलतो. फारोला परमेश्वराने काहीही मोजून दिले नाही. नव्या करारात ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने आपली सोडवणूक झाली, असे म्हटले आहे (१ पेत्र १:१८-१९), ते सोडवणाऱ्याने आपल्या माणसांसाठी काय खर्ची घातले, हे सांगण्यासाठी.

ईयोबाची हाक

ईयोबाच्या ग्रंथाचा १९ वा अध्याय वाचताना ही सर्व पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी. मुलेबाळे गेली, धन गेले, शरीर सडले, मित्रांनी दोषी ठरवले. भाऊ दुरावले, सोयरे तुटले, घरच्या दासांनाही तो परका झाला, असे तो १३ ते १९ ह्या ओव्यांत एकेका नात्याचे नाव घेऊन सांगतो. आणि त्यानंतर काही ओळींतच, आपला गोएल जिवंत आहे, असे तो निक्षून म्हणतो (१९:२५). सगळे आप्त संपल्यावर काढलेला हा उद्गार आहे. शब्दाचा अर्थ केवळ ‘उद्धारक’ असा घेतला, तर मागच्या ओव्यांशी असलेला त्याचा धागा सुटतो.

हा गोएल म्हणजे साक्षात परमेश्वर, की परमेश्वरापुढे ईयोबाची बाजू मांडणारा कोणी स्वर्गीय मध्यस्थ, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ख्रिस्तसभेने ह्या शब्दांत पुनरुत्थित ख्रिस्तावरील आशा वाचली.

भाषांतरांचा प्रवास

ख्रिस्तपूर्व काळात यहुदी पंडितांनी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर केले. त्यात रूथच्या पुस्तकातील गोएलसाठी ‘जवळचा नातलग’ अशा अर्थाचा शब्द योजला, तर यशयाच्या ग्रंथात ‘खंडणी देऊन सोडवणारा’ किंवा ‘वाचवणारा’ अशा अर्थांचे शब्द आले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम ह्यांनी लॅटिन भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांनीही रूथमध्ये ‘प्रोपिंक्वुस’, म्हणजे निकटचा आप्त, हा शब्द वापरला, आणि ईयोबात ‘रेदेम्प्तोर’, म्हणजे परत विकत घेणारा, हा. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु बवाज आणि परमेश्वर ह्यांना हिब्रूत एकच नाव आहे, हे त्यानंतरच्या वाचकाला दिसेनासे झाले.

मराठीत काय होते? ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे. त्यात उंचावरून खाली पोहोचणारा हात दिसतो. ‘मुक्ती’ म्हणजे बंधनातून सुटणे. ‘तारण’ म्हणजे पार नेणे. पण व्यवहारात सोने ‘तारण ठेवतात’, तेव्हा हाच शब्द कर्जाच्या जामिनासाठी येतो. ह्या सर्वांपेक्षा ‘सोडवणे’ हे साधे क्रियापद ‘गाअल’च्या अधिक जवळ जाते, असे आमचे मत आहे. आपण गहाण पडलेले शेत सोडवतो, अडकलेला दागिना सोडवतो, कोठडीतील माणसाला सोडवून आणतो आणि अडचणीत सापडलेल्याला सोडवतो. ज्याच्याशी आपला काही संबंध आहे, तेच आपण सोडवायला जातो. उणीव राहते ती नात्याच्या उल्लेखाची. म्हणून ‘सोडवणारा आप्त’ असे दोन शब्द जोडून म्हटले, तर गोएलचा अर्थ बराचसा हाती लागतो.

यहुदी परंपरेतील वापर

यहुदी समाजात हा शब्द कधीच जुना झाला नाही. रोमविरुद्धच्या पहिल्या उठावाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६९-७० मध्ये, पाडलेल्या काशाच्या नाण्यांवर ‘सियोनच्या गेउल्लाहसाठी’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. बार कोखबाच्या उठावातील (इ. स. १३२-१३५) पहिल्या वर्षाच्या नाण्यांवर इस्राएलच्या गेउल्लाहचे वर्ष मोजलेले आहे. यहुदी नित्यप्रार्थनेत ‘शमा’नंतरच्या आशीर्वचनाच्या शेवटी परमेश्वराने इस्राएलला सोडवले, असे भूतकाळात म्हटले जाते, तर आठवड्याच्या दिवसांच्या ‘आमिदा’ प्रार्थनेतील सातव्या आशीर्वचनाच्या शेवटी त्याला ‘गोएल इस्राएल’, म्हणजे इस्राएलला सोडवणारा, असे संबोधले जाते. आठवण आणि अपेक्षा अशी दोन्ही त्यांत आहेत. ज्यांची मातृभाषा मराठी आहे, त्या कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनालयांतही ही हिब्रू आशीर्वचने म्हटली जातात. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनालय सॅम्युएल दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये उभारले.

नव्या करारात आणि ख्रिस्तसभेत

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, त्यामुळे गोएल हा हिब्रू शब्द त्यात आढळत नाही. पण त्याची अपेक्षा सर्वत्र आहे. परमेश्वराने आपल्या लोकांची भेट घेऊन त्यांची सोडवणूक केली आहे, असे जखऱ्या आपल्या स्तुतिगीतात म्हणतो (लूक १:६८). हे गीत ख्रिस्तसभेच्या प्रातःप्रार्थनेत दररोज म्हटले जाते. इस्राएलची सोडवणूक करणारा हाच, अशी आमची आशा होती, असे अम्माऊसच्या वाटेवरील शिष्य खिन्नपणे सांगतात (लूक २४:२१).

गोएलचा आशय सर्वांत ठळकपणे उतरला आहे तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात. मुले रक्तामांसाची होती, म्हणून तोही रक्तामांसाचा झाला. मृत्यूच्या भयाने जन्मभर दास्यात असलेल्यांना त्याला सोडवायचे होते. आणि त्यांना बंधू म्हणण्याची त्याला लाज वाटत नाही, असा तेथील विचार आहे (२:११-१५). सोडवण्याचा हक्क आप्तालाच असतो, हा लेवीय ग्रंथाचा नियम. परमेश्वराचा पुत्र आपला आप्त झाला. नाताळाचा सण आणि उत्तम शुक्रवार ह्यांना जोडणारा दुवा ह्या नियमात सापडतो.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात काहींनी हे कर्तव्य अक्षरशः पार पाडले. संत जॉन ऑफ माथा ह्यांच्या त्रित्वसंघाच्या नियमावलीला ११९८ मध्ये मान्यता मिळाली, आणि संत पीटर नोलास्को ह्यांनी १२१८ मध्ये बार्सेलोना येथे मर्सिडेरियन संघ स्थापन केला. भूमध्य समुद्राच्या परिसरात गुलाम म्हणून पकडलेल्या ख्रिस्ती लोकांना सोडवून आणणे, हे दोन्ही संघांचे कार्य होते. मर्सिडेरियन संघाच्या सदस्यांनी तर, गरज पडल्यास कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याची चौथी शपथ घेतली. ‘डॉन किहोते’ लिहिणारा सेर्व्हान्तेस पाच वर्षे अल्जिअर्सच्या कैदेत होता. १५८० मध्ये त्याला सोडवले ते त्रित्वसंघाच्या धर्मबंधूंनी.

योबेल वर्षाचा धागाही तुटलेला नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९४ मध्ये तिसऱ्या सहस्रकाच्या तयारीसाठी लिहिलेल्या पत्रात गरीब राष्ट्रांवरील कर्जाचा भार हलका करण्याचे आवाहन केले. २०२५ च्या ज्युबिली वर्षाची घोषणा करताना, ९ मे २०२४ च्या पत्रात, पोप फ्रान्सिस ह्यांनीही जी राष्ट्रे कर्ज कधीच फेडू शकणार नाहीत त्यांचे कर्ज माफ करावे, अशी श्रीमंत राष्ट्रांना विनंती केली.

आपल्यासाठी

मराठीत ‘भाऊबंद’ हा शब्द आहे आणि त्यापासूनच ‘भाऊबंदकी’ हा शब्द झाला आहे. पहिला नात्याचा, दुसरा त्या नात्यातून उद्भवणाऱ्या वैराचा. जमिनीच्या वाटणीवरून बोलणे तुटलेली घरे, एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे असलेले सख्खे भाऊ, हे चित्र आपल्या धर्मग्रामांतही अनोळखी नाही. जमिनीचे भाव वाढले, तसे हे तंटेही वाढले. जेथे नियमशास्त्र जवळच्या आप्ताला भावाचे शेत सोडवण्यासाठी बोलावते, तेथेच पुष्कळदा जवळचा आप्त ते स्वस्तात पदरात पाडून घेण्यासाठी टपलेला असतो. विधवा भावजयीचा, अपंग भावाचा किंवा लग्न न झालेल्या बहिणीचा वाटा कागदावरून अलगद गाळला जातो, तेव्हा तेथे अमका-तमका बसलेला असतो, गोएल नव्हे.

दानधर्माविषयीही हा शब्द आपल्याला काही शिकवतो. आपण गरिबाला मदत करतो, तेव्हा सहसा उद्धाराच्या भाषेत विचार करतो : मी वर, तो खाली, माझा हात त्याला उचलतो. गोएल असा विचार करीत नाही. भावाचे शेत गेले म्हणजे आपल्याच घराचे शेत गेले, असे तो मानतो. म्हणूनच रूथला खळ्यावर मान खाली घालून उभे राहावे लागले नाही. तिला तिच्या नात्याचा आधार होता. आपल्या दारी येणाऱ्या माणसाला तसा आधार वाटतो का, हे प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक धर्मग्रामाने पाहण्यासारखे आहे. सावकाराच्या विळख्यात सापडलेले शेजारचे कुटुंब, घरापासून दूर कामाला आलेला आणि वेतन अडकलेला मजूर, जामीन देणारे कोणी नसल्याने तुरुंगात खितपत पडलेला कच्चा कैदी : ह्यांना गोएल हवा आहे, आणि सर्वांत जवळचा आप्त कोण, ह्याचे उत्तर देण्यासाठी प्रभू येशूने आपल्याला चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिलेला आहे.

उपासनेत जेव्हा ‘तारणारा’ किंवा ‘उद्धारक’ हे शब्द कानी पडतील, तेव्हा वाचकांनी रूथच्या चार अध्यायांची आठवण ठेवावी, आणि शक्य असल्यास यशयाचा ४३ वा अध्याय त्यांच्या जोडीने वाचावा. दोन्ही मिळून एका बैठकीत वाचून होतात. कुटुंबात एकत्र वाचले तर अधिकच बरे, कारण ज्या शब्दाविषयी आपण येथे बोललो, तो मुळात कुटुंबाचाच शब्द आहे.